अक्षरजुळणी आणि द्वारपाल

मुद्रणाचा इतिहास लिहिताना आपले अभ्यासक ठसा, धातू, शाई आणि कागद या चार गोष्टींचा सविस्तर विचार करतात. पाचवी एक गोष्ट मात्र बहुधा दृष्टीआड राहते, आणि ती म्हणजे परवानगी. खिळे जुळले आहेत, शाई लागली आहे, कागद यंत्रावर चढला आहे, आणि तरीही पान निघत नाही, असे प्रसंग या इतिहासात पदोपदी आढळतात. धातूच्या खिळ्यांचे युग सरून अक्षरजुळणी संगणकावर आली तेव्हा हा अडसर कायमचा दूर झाला असे पुष्कळांना वाटले होते. वस्तुतः तो नव्या वेषात परत आला आहे. जुळारी आज संगणकासमोर बसतो, आपल्या नित्याच्या आज्ञावलीस हाक मारतो, आणि पडद्यावर उत्तर उमटते की या आज्ञावलीचा कर्ता ओळखता येत नाही, सबब ती उघडता येणार नाही. हे उत्तर देणारा द्वारपाल म्हणजे संगणकाची कार्यप्रणाली होय.

हा द्वारपाल कोठून आला, तो नेमके काय विचारतो, आणि त्याने अडविल्यावर बृहन्महाराष्ट्रातील आपल्यासारख्या लहान नियतकालिकांनी काय करावे, याचा विचार येथे कर्तव्य आहे. हा विचार कोलकात्यातून होत आहे हे एका परीने उचितच म्हटले पाहिजे. शहराच्या पूर्व-ईशान्य कडेला राजारहाटच्या शेतजमिनी आणि मत्स्यतळी यांच्या जागी वसविलेले न्यू टाउन हे संगणकाच्या व्यवसायाचे नवे नगर. ते उभारण्यासाठी ‘हिडको’ ही सरकारी संस्था १९९९ साली स्थापन झाली. आणि तेथून वायव्येस, हुगळीच्या पश्चिम तीरावर, श्रीरामपूर आहे. मराठी भाषेला खिळ्यांत बसविण्याचा पहिला मोठा उद्योग त्या गावी झाला. या दोन स्थळांमध्ये एका दुपारच्या प्रवासाचे अंतर आहे. काळाचे अंतर दोनशे वर्षांहून अधिक आहे. तथापि दोन्ही ठिकाणी विचारला गेलेला प्रश्न एकच आहे: हे साधन कोणाचे, आणि ते चालविण्यास मुभा कोणाची?

श्रीरामपुरालाच छापखाना का निघाला, कलकत्त्यास का नाही, याचे उत्तर परवानगीच्या इतिहासात आहे. मे १७९९ मध्ये गव्हर्नर-जनरल वेलस्ली याने कलकत्त्याच्या वृत्तपत्रांसाठी नियम केले. प्रत्येक अंकाच्या तळाशी मुद्रकाने आपले नाव छापावे. मालक आणि संपादक यांनी आपली नावे व राहण्याचे ठिकाण सरकारच्या सचिवास कळवावे. रविवारी अंक काढू नये. आणि सचिवाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने तपासल्याखेरीज कोणताही अंक प्रसिद्ध करू नये. नियम मोडणाऱ्यास ताबडतोब जहाजावर बसवून युरोपास रवाना करण्याची शिक्षा होती. मिशनऱ्यांविषयी कंपनी सरकारचे धोरण आधीच संशयाचे होते. त्यामुळे विल्यम वॉर्ड, जोशुआ मार्शमन आणि त्यांचे सोबती १७९९ च्या अखेरीस बंगालमध्ये आले ते थेट डेन्मार्कच्या अमलाखालील श्रीरामपुरास उतरले. विल्यम केरी जानेवारी १८०० मध्ये त्यांना येऊन मिळाला. डॅनिश गव्हर्नर ओले बी याने त्यांना आश्रय दिला, आणि त्याच वर्षी तेथे छापखाना सुरू झाला. यंत्र तेच, खिळे तेच, माणसेही तीच. नदीच्या एका तीरावर जे निषिद्ध होते ते दुसऱ्या तीरावर विहित ठरले. आजचा जुळारी जुन्या आज्ञावलीसाठी एक जुना संगणक कोपऱ्यात जपून ठेवतो, तेव्हा तो नकळत हीच युक्ती करीत असतो.

त्या छापखान्याचे मराठीवरील ऋण लहान नाही. चार्ल्स विल्किन्सच्या हाताखाली बंगाली खिळे घडविण्यात तयार झालेला पंचानन कर्मकार हा लोहार-कारागीर तेथे येऊन मिळाला, आणि त्याच्यामागून त्याचा जावई मनोहर याने ती विद्या पुढे नेली. फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकविणाऱ्या केरीने वैजनाथ पंडिताच्या साहाय्याने मराठीचे व्याकरण सिद्ध केले. ते १८०५ साली श्रीरामपुरास देवनागरी खिळ्यांत छापले गेले. १८१० साली त्याचा मराठी कोश निघाला, तो मोडी खिळ्यांत. तत्कालीन मराठी माणूस आपला नित्याचा व्यवहार मोडीत लिहीत असे, हे पाहता त्या लिपीचे पोलादी ठसे बंगालच्या कारागिरांनी कोरावेत ही घटना स्मरणीय होय. परंतु तेथेही परवानगीचा प्रश्न संपला नाही. १८०७ मध्ये मिंटोच्या सरकारने हा छापखाना कलकत्त्यास, म्हणजे आपल्या नजरेखाली, हलविण्याचा आग्रह धरला. श्रीरामपूरच्या डॅनिश अधिकाऱ्याने त्यास हरकत घेतली, आणि अखेर छापील साहित्य सरकारच्या नजरेखालून जावे अशा तडजोडीवर तो आग्रह सोडण्यात आला.

वेलस्लीच्या नियमांकडे बारकाईने पाहिले तर वाचकांच्या ध्यानात येईल की त्यांत दोन भिन्न गोष्टी एकत्र बांधल्या होत्या. पहिली, नाव सांगणे: जे छापले त्याचा कर्ता कोण हे उघड करणे. दुसरी, परवानगी घेणे: छापण्यापूर्वी दुसऱ्याचा होकार मिळविणे. हिंदुस्थानातील मुद्रणस्वातंत्र्याचा पुढील सर्व इतिहास या दोन गोष्टी एकमेकींपासून सोडविण्याचा इतिहास आहे. १८१८ साली लॉर्ड हेस्टिंग्जने पूर्वतपासणी उठविली. १८२३ साली हंगामी गव्हर्नर-जनरल जॉन ॲडम याने परवान्याचा नियम आणला, तेव्हा राममोहन रॉय यांनी परवाना मागण्यापेक्षा आपले ‘मिरात-उल-अखबार’ हे फारसी पत्र बंद करणे पसंत केले. १८३५ साली चार्ल्स मेटकाफने परवाना रद्द केला, परंतु नाव सांगण्याचे बंधन ठेवले: मुद्रक आणि प्रकाशक यांनी आपले ठिकाण जाहीर करावे, एवढेच. १८६७ च्या कायद्यानेही तेच सूत्र कायम ठेवले. प्रत्येक मराठी पुस्तकाच्या दर्शनी भागी मुद्रक, प्रकाशक आणि मुद्रणस्थळ यांची जी ओळ आपण पाहत आलो, तिचा उगम तेथे आहे. तो कायदा दीडशेहून अधिक वर्षे टिकला. १ मार्च २०२४ पासून त्याची जागा नियतकालिकांसाठी केलेल्या २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली.

मधल्या काळात परवानगी पुन्हा डोके वर काढीत राहिली. १८७८ साली लिटनने देशी भाषांतील पत्रांपुरता कायदा केला. इंग्रजी पत्रांना तो लागू नसल्याने कलकत्त्याच्या ‘अमृत बझार पत्रिके’ने एका रात्रीत आपली भाषा बदलली आणि संपूर्ण इंग्रजी पत्र म्हणून ती प्रसिद्ध होऊ लागली. १९१० च्या कायद्याने नव्या छापखान्याकडून ५०० ते २,००० रुपये जामीन मागण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटला दिला. सुरक्षेच्या नावाखाली साधनावर घातलेले बंधन लहान माणसाला अधिक जाचते. मोठ्या छापखान्याला हा जामीन भरता येत असे; एका पेटीच्या खिळ्यांवर पत्र काढणाऱ्याला तो भरता येत नसे.

हे सर्व सांगण्याचे प्रयोजन आता स्पष्ट होईल. अक्षरजुळणी संगणकावर कशी आली ते आधी थोडक्यात पाहू. यांत्रिक जुळणीचे युग कलकत्त्यात सुरेशचंद्र मजुमदार यांच्या प्रयत्नाने १९३५ च्या सुमारास बंगाली लायनोटाइपच्या रूपाने आले. देवनागरीसाठी असाच उद्योग अमेरिकेत हरि गोविल यांनी केला होता. १९७७ साली अमेरिकेतील स्टॅनफर्डचे प्राध्यापक डोनाल्ड क्नूथ यांच्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीची मुद्रिते आली. छायाजुळणीने झालेली अक्षरांची विटंबना पाहून त्यांनी स्वतःच एक जुळणीप्रणाली रचण्यास घेतले. तिचे नाव ‘टेक’. तिचा मूळ पाठ त्यांनी सर्वांस खुला केला, आणि १९९० नंतर तीत नवी भर घालणे थांबवून केवळ दोष दूर करण्याचे व्रत धरले. नेदरलँड्समधील फ्रान्स वेल्थाउस यांनी १९९१ मध्ये टेकसाठी देवनागरीची सोय केली. २००४ मध्ये जोनाथन क्यू यांच्या ‘झीटेक’ने युनिकोड फॉन्ट थेट वापरण्याची वाट मोकळी केली.

आपल्याकडील वाट निराळी होती. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले भारतीय लिपींचे काम १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले, आणि ‘जिस्ट’ नावाचे कार्ड संगणकात बसवून भारतीय अक्षरे पडद्यावर आणता येऊ लागली. पुढे पेजमेकर ही पृष्ठरचनेची आज्ञावली आणि तिच्या जोडीला एखादी मराठी फॉन्ट-प्रणाली, असा संसार महाराष्ट्रातील आणि महाराष्ट्राबाहेरील मराठी छापखान्यांनी थाटला. या फॉन्टांत देवनागरीची अक्षरे, अर्धी अक्षरे, काने आणि वेलांट्या रोमन अक्षरांच्या जागांवर बसविलेल्या असत, आणि प्रत्येक प्रणालीची मांडणी वेगळी असे. युनिकोड १९९१ पासून अस्तित्वात असूनही छापखान्यांत ही पद्धत पुढे कित्येक वर्षे चालली. चोरट्या प्रती होऊ नयेत म्हणून अशा पुष्कळ आज्ञावल्यांना एक लहानसे भौतिक कुलूप असे. ते संगणकाच्या मागील खाचेत लावल्याखेरीज आज्ञावली सुरू होत नसे. आमच्या पिढीतील जुळारी त्यास ‘डोंगल’ म्हणतात. अक्षरजुळणीवरील हे पहिले संगणकीय कुलूप आज्ञावलीच्या कर्त्यानेच घातले होते, हे विसरता कामा नये. कार्यप्रणालीचे कुलूप त्यानंतर आले.

ते का आले? त्याचे कारण निव्वळ दपटशाहीचे आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०११ साली बुडापेस्टच्या तंत्रविद्यापीठातील प्रयोगशाळेने ‘डुकू’ नावाचा एक हेरगिरी करणारा संगणकीय किडा उजेडात आणला. तो संगणकात कसा शिरला? वर्डच्या एका साध्या दस्तऐवजात दडविलेल्या फॉन्टमधून. विंडोजमध्ये फॉन्ट वाचण्याचे काम त्या काळी कार्यप्रणालीच्या गाभ्यात होत असे. अक्षराचा आकार वाचता वाचता तो गाभाच शत्रूच्या हाती जाईल अशी रचना त्या फॉन्टमध्ये होती. ज्या अक्षराला आपण निरुपद्रवी सौंदर्यवस्तू मानतो ते अक्षर शस्त्र झाले. त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की याच किड्याचा एक भाग एका तैवानी कंपनीच्या चोरलेल्या डिजिटल स्वाक्षरीनिशी वावरत होता. म्हणजे त्याच्या तळाशी मुद्रकाचे खोटे नाव छापलेले होते. २०१५ च्या विंडोज १० मध्ये फॉन्ट वाचण्याचे काम गाभ्याबाहेर काढण्यात आले, आणि नियत कप्प्याबाहेरचे फॉन्ट मुळीच न उघडण्याची सोयही ठेवण्यात आली. मार्च २०२० मध्ये जुन्या ‘टाइप १’ जातीचे फॉन्ट वाचणाऱ्या घटकात पुन्हा धोका आढळला. जुळणीच्या आज्ञावल्या स्वतःही काही अगदीच सोवळ्या नाहीत. टेक काय किंवा पोस्टस्क्रिप्ट काय, या पूर्ण भाषा आहेत; त्यांना फाइली लिहिता येतात, आणि मोकळीक दिल्यास टेकला दुसऱ्या आज्ञावल्याही चालविता येतात. म्हणूनच टेकच्या प्रचलित संचात ही मोकळीक मर्यादित ठेवलेली असते, आणि ‘घोस्टस्क्रिप्ट’ने २०१९ पासून सुरक्षित रीत हीच मूळची रीत केली. तेव्हा दारावर पहारा बसला याचे आश्चर्य नाही.

आता या पहाऱ्याचे स्वरूप पाहू. २००७ च्या प्रारंभी बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टाच्या ६४-बिट आवृत्तीने गाभ्यात उतरणाऱ्या प्रत्येक चालक-आज्ञावलीला, म्हणजे ड्रायव्हरला, स्वाक्षरी सक्तीची केली. २०१२ मध्ये ॲपलने ‘गेटकीपर’ आणला. नावच द्वारपालाचे. त्याच वर्षी विंडोज ८ मध्ये ‘स्मार्टस्क्रीन’ कार्यप्रणालीचाच भाग झाला. प्रारंभी गेटकीपर एवढेच विचारी की कर्त्याने आपली स्वाक्षरी केली आहे काय. ही मेटकाफची रीत झाली: नाव सांगा आणि चालू लागा. परंतु २०१९ च्या ‘कॅटालिना’पासून ॲपलने आणखी एक पायरी घातली. आज्ञावली वितरित करण्यापूर्वी कर्त्याने ती ॲपलकडे पाठवावी, तिची यांत्रिक तपासणी व्हावी, आणि तेथील दाखला तिच्यासोबत असावा. ही रीत वेलस्लीच्या सचिवाच्या जवळ जाते. दोहोंत मोठा फरक आहे, तो सांगितलाच पाहिजे. सचिव मजकूर वाचीत असे. हा द्वारपाल मजकुराकडे पाहतही नाही, साधनात विष आहे काय एवढेच तो पाहतो. शिवाय संगणकाच्या मालकास त्याचा नकार बाजूला सारण्याचा हक्क आजही आहे. मात्र हा हक्क बजावण्याची वाट उत्तरोत्तर अरुंद होत आहे. २०२४ च्या ‘सिक्वोया’पूर्वी कंट्रोलची कळ दाबून आज्ञावली उघडली की काम भागत असे; आता सेटिंग्जमधील ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ या दालनात जाऊन ‘ओपन एनीवे’ असे सांगावे लागते.

या व्यवस्थेत कोण मार खातो? ज्याचा कर्ता हयात आहे, उद्योगात आहे आणि स्वाक्षरीचे शुल्क भरू शकतो, त्याला फारशी अडचण नाही. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या मराठी जुळणी-आज्ञावलीचा कर्ता कदाचित धंदा सोडून गेला असेल, आणि तिचा मूळ पाठ कोणाजवळ नसेल. तिच्यावर स्वाक्षरी करणार कोण? टेकचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये ॲपलची ‘एल कॅपिटन’ ही कार्यप्रणाली आली आणि तिने आपले काही कप्पे सर्वांसाठी, अगदी संगणकाच्या मालकासाठीही, बंद केले. टेकची आज्ञावली ज्या कप्प्यात होती तो खुलाच राहिला होता. परंतु ती कोठे आहे हे सांगणारा ‘टेकबिन’ नावाचा दुवा बंद झालेल्या कप्प्यात होता, आणि नवी कार्यप्रणाली घालताच तो नाहीसा झाला. छापखाना जागेवर, खिळे जागेवर; केवळ रस्त्यावरची पाटी कोणी उपटून नेली. लेखकांनी जुळणीची आज्ञा दिली की संपादक-आज्ञावली सांगे, टेक सापडत नाही. ओरेगन विद्यापीठाचे गणिती रिचर्ड कॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे आधीच ओळखून ‘लायब्ररी’ या खुल्या कप्प्यात तसाच दुवा ठेवला होता. ज्याने संपादक-आज्ञावलीत हा नवा पत्ता लिहिला त्याचे काम सुरू झाले. मूळ पाठ खुला होता, आणि तो सांभाळणारी माणसे होती, म्हणून हे शक्य झाले.

या अनुभवातून अडलेल्या जुळाऱ्याने पहिला धडा घ्यावा तो असा की ‘चालत नाही’ हा रोग नसून लक्षण आहे, आणि त्यामागील कारणे निरनिराळी असतात. आज्ञावली महाजालावरून उतरविली असेल तर तिच्यावर परक्या मुलखातून आल्याची खूण असते, आणि द्वारपाल त्या खुणेमुळे अडवितो. अशा वेळी ती कर्त्याच्या स्वतःच्या ठिकाणाहूनच घेतली आहे ना, आणि कर्त्याने प्रसिद्ध केलेली तिची गणिती ओळखसंख्या जुळते ना, हे पाहून त्या एकाच आज्ञावलीस मुभा द्यावी. आज्ञावली उघडते पण पान साठवले जात नाही, असे होत असेल तर कप्प्यांचे संरक्षण तपासावे. खंडणीखोर किड्यांच्या उपद्रवामुळे २०१७ पासून विंडोजमध्ये दस्तऐवजांच्या कप्प्यात अनोळखी आज्ञावलीस लिहू न देण्याची सोय आहे. जुळणी-आज्ञावलीचे नाव त्या परवानगीच्या यादीत घातले की काम होते. डोंगल ओळखला जात नसेल तर दोष बहुधा त्याच्या स्वाक्षरीविरहित ड्रायव्हरचा असतो. कर्त्याकडून नवा ड्रायव्हर मिळतो काय ते प्रथम विचारावे. आणि ६४-बिट विंडोजवर १६-बिट आज्ञावली किंवा कॅटालिनानंतरच्या मॅकवर ३२-बिट आज्ञावली चालत नसेल, तर तेथे द्वारपालाला दोष देऊ नये. ते दारच भिंतीत चिणले गेले आहे. तेथे जुना संगणक, किंवा संगणकाच्या पोटात चालणारा दुसरा कल्पित संगणक, हाच उपाय. आणि तो महाजालापासून तोडलेला असावा.

एक उपाय मात्र कटाक्षाने टाळावा. जुनी आज्ञावली चालावी म्हणून सगळा पहाराच उठवून ठेवणे, हे एका पाहुण्यासाठी घराची दारे रात्रभर उघडी टाकण्यासारखे आहे. न्यू टाउनसारख्या नगरात ही गोष्ट अधिकच ध्यानात घेतली पाहिजे. तेथील कचेऱ्यांत कर्मचाऱ्याच्या हाती जो संगणक दिलेला असतो तो त्याचा नसतो. त्यावर काय चालावे हे कचेरी ठरविते, आणि ते योग्यच आहे. महाराष्ट्राबाहेरील मंडळांच्या स्मरणिका आणि अंक मात्र अशाच नोकरदार हौशी माणसांच्या रात्रीच्या श्रमांतून निघत आले आहेत. त्या कामासाठी मंडळाच्या मालकीचा वेगळा संगणक असावा. हा खर्च चैनीचा नसून छपाईच्या खर्चाचाच एक भाग मानावा.

परंतु एवढ्याने मुख्य प्रश्न सुटत नाही. आज अडलेली आज्ञावली उद्या कशीबशी चालेल. परवा ती चालणार नाही. तेव्हा तिच्या पोटात अडकलेल्या मजकुराचे काय? जुन्या फॉन्टमध्ये जुळविलेला मराठी लेख तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडून पाहावा. तेथे निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ सालची. तिच्या फाइली इनडिझाइनच्या सीएस ६ पर्यंतच्या आवृत्त्या उघडीत असत. २०१३ नंतरच्या आवृत्त्यांनी ती सोय काढून टाकली. अ‍ॅडोबीने जानेवारी २०२३ पासून टाइप १ फॉन्टचाही आधार थांबविला. म्हणजे १९९० ते २०१० या वीस वर्षांत जुळविलेले मराठी साहित्य, त्यातही महाराष्ट्राबाहेरील मंडळांचे अल्पसंख्य प्रतींचे साहित्य, छापील प्रत हरवली तर उरणार नाही अशा अवस्थेत आहे. मोठ्या प्रकाशकाची पुस्तके ग्रंथालयांत सापडतील. आपल्या अंकांच्या प्रती कोठे सापडतील?

येथे श्रीरामपूरचीच एक घटना आठवावी. ११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी त्या छापखान्यास आग लागली. अनेक लिपींचे खिळे वितळून गेले, कागदाचे मोठे साठे जळाले, आणि केरीच्या बहुभाषी कोशाचे हस्तलिखित भस्मसात झाले. राख निवल्यावर मात्र खाली पोलादी ठसे आणि मातृका शाबूत सापडल्या. वितळलेल्या धातूतून त्याच मातृकांवर नवे खिळे ओतण्याचे काम लगोलग सुरू झाले, आणि थोड्या महिन्यांत छपाई पूर्ववत चालू लागली. खिळा गेला तरी चालते. मातृका जाता कामा नये. कोशाच्या हस्तलिखिताला मातृका नव्हती, आणि ते परत आले नाही.

आजच्या जुळणीत खिळा म्हणजे आज्ञावली, फॉन्ट आणि पानाची फाइल. मातृका म्हणजे युनिकोडमधील साधा, कोणत्याही आज्ञावलीने वाचता येईल असा मजकूर. जोवर जुनी आज्ञावली कोठेतरी उघडते तोवर प्रत्येक अंकाचा मजकूर तिच्यातून बाहेर काढून युनिकोडमध्ये ठेवणे, त्यासोबत पानांची पीडीएफ प्रत ठेवणे, आणि दोन्ही निदान दोन ठिकाणी ठेवणे, हे काम यापुढे टाळण्यासारखे नाही. हे रूपांतर यंत्रावर सोपवून स्वस्थ बसता येणार नाही, हेही सांगितले पाहिजे. रूपांतर करणाऱ्या आज्ञावल्या मराठीच्या खास खुणांपाशी अडखळतात. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला तर खोरी जाऊन समुद्र येतो. ‘आचाऱ्यास’ दिलेले निमंत्रण ‘आचार्यास’ पोचते. म्हणून ज्याने मूळ मुद्रिते तपासली होती तशाच डोळ्याच्या माणसाने हे रूपांतरही शब्दशः तपासले पाहिजे. तशी माणसे आपल्या मंडळांत अद्याप आहेत. ती वृद्ध होत आहेत.

द्वारपालाविषयीची तक्रार त्यामुळे निकालात निघते असे नाही. ज्याने मेटकाफ आणि राममोहन यांचा इतिहास वाचला आहे त्याने नाव सांगण्यास कधी नकार देऊ नये, आणि परवानगीच्या पायऱ्या वाढताना गप्पही बसू नये. संगणकाच्या मालकास अखेरचा होकार देण्याचा हक्क राहावा, आणि ज्यांचे कर्ते उरले नाहीत अशा भारतीय लिपींच्या जुन्या आज्ञावल्यांचे मूळ पाठ त्यांच्या वारसांनी खुले करावेत, ही मागणी न्याय्य आहे. साहित्य संमेलनांच्या ठरावांतही तिला जागा मिळावयास हवी. तथापि ठराव होईपर्यंत मजकूर थांबत नाही. ज्या मंडळांजवळ जुन्या अंकांच्या फाइली आहेत त्यांनी येत्या वर्षाच्या कामांत हे एक काम धरावे, आणि आरंभ सर्वांत जुन्या फाइलीपासून करावा.